भूर्जाच्या सालीची टोपली विणताना… नव्हे, शिवताना

भूर्जाची साल हवी तेव्हा निघत नाही. अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत झाडात रस चढलेला असतो, तेवढ्याच दिवसांत ती सहज सुटते. त्यामुळे वर्गात नाव घातलं हिवाळ्यात आणि झाडापाशी पोचले उन्हाळ्यात.

शिकवणाऱ्या बाई अनिशिनाबे, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजातल्या. त्यांनी आधी बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवली, आपल्या भाषेत झाडाशी बोलल्या, मगच सुरी हातात घेतली. उभा एकच छेद, तोही फक्त बाहेरच्या सालीपुरता. आतली साल भोवताली कापली गेली तर अन्नरसाची वाट तुटून झाड वाळतं. ती शाबूत राहिली तर झाड जगतं, पण त्या जागी पुन्हा तशी पांढरी साल येत नाही. हे ऐकल्यापासून सालीचा लहानसा तुकडासुद्धा मला टाकवत नाही.

शिवायला स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची मुळं. ओलसर जमिनीत, शेवाळाखाली ती लांबच लांब पसरलेली असतात. हाताने उकरायची, एका झाडाची थोडीच घ्यायची, सोलायची आणि मधोमध उभी चिरायची. खरं कसब इथे आहे, असं मला वाटतं. चीर एका अंगाला सरकू लागली की जाड बाजू जास्त वाकवून ओढायची, म्हणजे ती हळूहळू मध्यावर येते. चिरलेली मुळं कायम पाण्यात. कोरडी झाली की मोडतात.

मकाक, म्हणजे ही टोपली, करताना सालीची पांढरी बाजू आत जाते आणि तपकिरी बाहेर येते. गरम पाण्याने मऊ करून कोपरे दुमडायचे. सालीवरच्या आडव्या रेघांच्या दिशेने ती फाटते, म्हणून काठाला आरीने भोकं पाडताना एक वर, एक खाली असं पाडायचं. बाईंचं भोकांकडे फार बारीक लक्ष असे. मेपलची साखर अशाच मकाकमध्ये साठवत आले आहेत. मनोमिन, म्हणजे तिथला जंगली भात, पाखडायची पाटीही याच सालीची. ती हातात घेतल्यावर मला घरचं सूप आठवलं.

आता हिवाळी साल शिकायची आहे. थंडीत काढलेल्या सालीच्या आतल्या अंगाला गडद थर असतो, तो खरवडून पानाफुलांची नक्षी काढतात. बाई म्हणाल्या, शिकवीन, पण आधी अजून मुळं चिरून आण.