माझा अनुभव: बॅकअप हाताशी होता, तरी तीन दिवस गेले

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा सीएच्या ऑफिसात कसा असतो, ते तिथे काम केलेल्यालाच कळेल. ३० तारखेच्या आत टॅक्स ऑडिटचे रिपोर्ट अपलोड करायचे असतात. जेवणाचा डबा चार वाजता उघडला जातो. त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी आमचा सर्व्हर चालूच झाला नाही.

मी सांगलीत एका सीए फर्ममध्ये अकाउंट्स बघते. कम्प्युटरचं शिक्षण नाही, पण सतरा वर्षं इथेच असल्यामुळे प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळ्या अडचणी माझ्याच टेबलावर येतात. सर्व्हरमध्ये चार हार्ड डिस्क होत्या, रेड ५ (RAID 5, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक करायची पद्धत) मध्ये लावलेल्या. त्यात एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, दुसरी गेली की सगळं जातं. आमच्या दोन गेल्या होत्या. पहिली कधी गेली ते कुणालाच माहीत नाही, पुढचा नारिंगी दिवा बरेच दिवस लुकलुकत होता एवढंच शिपाईमामा सांगतात. तुमच्याही ऑफिसात असा दिवा लुकलुकत असेल तर हे वाचणं थांबवून आधी तो बघून या.

सर्व्हिसवाल्यांनी संध्याकाळपर्यंत नव्या डिस्क घातल्या, विंडोज टाकलं. त्याबद्दल तक्रार नाही. बॅकअपची दोन टीबीची एक्स्टर्नल डिस्क सरांच्या घरी असते, ती आली. आत सगळा डेटा शाबूत होता, १.१ टीबी. मला वाटलं, सुटलो.

सर्व्हिसच्या मुलाने ती डिस्क माझ्या कम्प्युटरला लावली, नेटवर्कवरून सर्व्हरवर कॉपी-पेस्ट सुरू केलं आणि तो निघून गेला. शुक्रवारी सकाळी येऊन बघते तर रात्रभरात साधारण १९० जीबी गेलेलं. बारा-साडेबारा तासांत एवढंच. वहीवर गुणाकार केला तर एकूण तीन दिवस लागत होते. मी सर्व्हिसला फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, डेटा जास्त आहे. वेळ लागणारच." दुपारपर्यंत मी चार फोन केले आणि चारही वेळा हेच वाक्य ऐकलं. अजूनही ते आठवलं की डोकं तापतं, कारण डेटा जास्त असणं हे कारणच नव्हतं. एकाही माणसाने मला विचारलं नाही की स्पीड किती दिसतोय.

स्पीड मीच बघितला. मोठ्या फाइलला सेकंदाला ११ एमबी, त्याच्या वर काही केल्या जात नव्हता. हा आकडा लक्षात ठेवा. ११-१२ वर कॉपी अडकली असेल तर नेटवर्क कुठेतरी १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे जेमतेम १२ एमबी) चाललंय. आमच्याकडे भिंतीतली जुनी वायर आणि त्याहून जुना नेटवर्कचा स्विच. मी डिस्क काढून थेट सर्व्हरच्या मागच्या पोर्टला लावली. स्पीड ३४ झाला. तिप्पट! मी मोठ्याने ओरडले, सर केबिनमधून बाहेर आले.

मग एक शहाणपण सुचलं, ते खरं तर गुरुवारीच सुचायला हवं होतं. सगळं एकदम आणायची गरजच नव्हती. टॅलीचा डेटा सगळा मिळून ६० जीबी, तो आधी आणला. पाऊण तासात आला. टॅलीचं लायसन्स पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागलं, पण तीन वाजता मुलं कामाला बसली. राहिले होते स्कॅन केलेले कागद आणि जुन्या मेलच्या मोठमोठ्या फाइल. पण ऑडिटला कागद लागतातच, त्यामुळे तेही थांबवता येत नव्हते.

रात्री मी कॉपी-पेस्ट सोडून रोबोकॉपी वापरायचं ठरवलं. ते विंडोजमध्येच असतं, काळ्या खिडकीत कमांड द्यावी लागते. सकाळपर्यंत बहुतेक सगळं येईल असा हिशोब करून साडेअकराला घरी गेले.

शनिवारी सकाळी साडेनऊला आले. काळ्या पडद्यावर एकच फाइल, तिच्याखाली एरर २३, सायक्लिक रिडंडन्सी चेक, आणि पुढे "वेटिंग ३० सेकंड्स, रिट्राइंग". त्याखाली पुन्हा तेच. मी वर वर सरकवत गेले तरी तेच. एररसमोर वेळ छापलेली असते, पहिली रात्री साडेबारा वाजताची होती. म्हणजे एक जुना स्कॅन, ज्याची आज कुणाला गरजही नव्हती, डिस्कवर वाचता येत नव्हता आणि रोबोकॉपी नऊ तास त्याच्याच दारात उभं होतं. आपण काही सांगितलं नाही तर ते एका फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. मांडून बघा, जवळजवळ वर्ष होतं. कमांडमध्ये स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ एवढं लिहिलं की एकदा प्रयत्न करून ते पुढे जातं. मला हे माहीत नव्हतं, पण सर्व्हिसवाल्यांना माहीत असायला हवं होतं. शुक्रवारच्या चौथ्या फोनवर मी रोबोकॉपीचं नाव घेतलं होतं. त्यावर "हो, चालेल" एवढंच ऐकायला मिळालं.

मी खुर्चीत बसून रडले. लपवत नाही. चार दिवस उरले होते आणि एक रात्र फुकट गेली होती.

डोळे पुसून पुन्हा कॉपी लावली आणि मोठ्या मेल फाइलचा स्पीड बघत बसले. तोच ३४. नव्या डिस्क, सर्व्हरचा निळा पोर्ट, थेट जोडणी, तरी पस्तिशी ओलांडत नाही. निळा म्हणजे जलद यूएसबी ३ चा पोर्ट, मग जुन्या, संथ यूएसबी २ चा स्पीड का? आर्टिकलशिपचा (सीए होण्यासाठी आमच्याकडे शिकणारा) एक मुलगा माझ्यामागे चहा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, या डिस्कच्या भोकाचा अर्धा भाग रिकामा आहे."

बघितलं. एक्स्टर्नल डिस्कची खाच रुंद असते, दोन भागांची. तिच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइल चार्जरची पिन बरोबर बसते. डिस्क चालू होते, दिवा लागतो, फाइल दिसतात, आणि स्पीड मात्र यूएसबी २ चा. डिस्कची मूळ केबल सरांच्या घरी हरवली होती आणि कुणीतरी चार्जरची वायर जोडून पाठवली होती. सर्व्हिसच्या मुलाने तीच वायर हातात धरून डिस्क लावली होती. त्याला ते दिसलं नाही.

रुंद पिनेची केबल मोबाइलच्या दुकानात सहज मिळत नाही, कम्प्युटरच्या दुकानातच विचारा. मारुती रोडला तिसऱ्या दुकानात मिळाली. लावली आणि मोठ्या फाइलचा स्पीड ११० वर गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

छोट्या फाइलचं दुखणं वेगळं. आमचे स्कॅन लाखांनी आहेत, प्रत्येक फाइल उघडायची, बंद करायची, त्यात अँटिव्हायरस प्रत्येकीला हुंगतो. कॉपी होईपर्यंत सर्व्हरवरच्या त्या फोल्डरला अँटिव्हायरसमधून सूट दिली आणि रोबोकॉपीला स्लॅश एमटी कोलन ८ दिलं, म्हणजे एका वेळी आठ फाइल. उत्साहात ३२ करून बघितलं तर डिस्क करकरायला लागली आणि स्पीड पडला. फिरत्या डिस्कला आठच पुरे. शनिवारी रात्री पावणेआठला शेवटची फाइल आली. नंतर तीच कमांड स्लॅश एल लावून चालवली. त्याने कॉपी होत नाही, फक्त काय राहिलंय त्याची यादी मिळते. यादीत तो एकच स्कॅन होता, तो आम्ही क्लायंटकडून पुन्हा मागवला.

एक गोष्ट वर सांगायची राहिली आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे: रिस्टोअर करताना रोबोकॉपीला स्लॅश एमआयआर देऊ नका. ते जिथे कॉपी करायचं ती जागा मूळ जागेसारखी हुबेहूब करतं, जास्तीचं सगळं पुसून. कुठून आणि कुठे यांची चुकून अदलाबदल झाली तर ते रिकाम्या सर्व्हरसारखी तुमची बॅकअप डिस्कही रिकामी करतं. माझ्या पहिल्या कमांडमध्ये ते लिहिलेलं होतं, एंटर दाबायच्या आधी सरांनी हात धरला. आणि डिस्कला पासवर्ड असेल, क्लायंटचे पॅन कार्ड असल्यामुळे असायलाच हवा, तर तो सर्व्हरवरच्याच फाइलमध्ये लिहून ठेवू नका. आमचा सरांच्या डायरीत होता म्हणून गुरुवारी डिस्क उघडली तरी.

रिपोर्ट २९ तारखेला रात्री गेले. पुढच्या आठवड्यात सर्व्हिसचं बिल आलं, त्यात "डेटा रिस्टोअर, तीन दिवस" अशी वेगळी रक्कम लावली होती. मी त्या ओळीवर लाल पेनाने रेघ मारून बिल परत पाठवलं आहे. अजून दुरुस्त होऊन आलेलं नाही.