मुंबई ते न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटर, पण तास किती?

तिकीट काढण्याआधी मी नेटवर अंतर बघितलं. मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ, हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर, वेळ चौदा तास. तिकिटावर मात्र सोळा. बाहत्तर वर्षांच्या आईला घेऊन जायचं, म्हणजे ते दोन तास माझ्या दृष्टीने फार मोठे होते.

चौदाचा आकडा हा नुसता भागाकार असतो, अंतराला ताशी नऊशेने भागायचं. विमान तसं जात नाही. भाच्याच्या पृथ्वीगोलावर आईनेच लोकरीचा धागा मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून बघितला, तर तो अरबस्तानाकडे न वळता सरळ उत्तरेला चढला आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरला. "अगंबाई, एवढं वर कशाला?" पण तीच सगळ्यात जवळची वाट. आम्ही गेलो ऑक्टोबर २०२५ मध्ये, तेव्हा पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना एप्रिलपासून बंद होतं. त्यामुळे आधी समुद्रावरून वळसा. शिवाय पश्चिमेला जाताना वरचे जोरदार वारे समोरून येतात. म्हणून तिकिटावरची वेळच खरी धरा.

रात्री दीडला निघालो, तिथल्या सकाळी आठला उतरलो, तारीख तीच. दोन घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक (नोव्हेंबर ते मार्च साडेदहा). आईचं मनगटी घड्याळ मी भारताच्याच वेळेवर ठेवलं, कारण बीपीची गोळी त्यावर होती. मधुमेह असेल तर वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत, बॅगेत टाकू नका.

सीट मधल्या वाटेच्या कडेचीच घ्या. खिडकीतून रात्रभर काळोखच दिसतो, आणि शौचालयाला जाताना दर वेळी दोन माणसं उठवायची म्हणून आई पाणीच पिणार नाही, हे मला ठाऊक होतं. दर दीड-दोन तासांनी तिला मागच्या मोकळ्या जागेत नेऊन टाचा वर-खाली करायला लावल्या. तरी उतरताना चपला घट्ट झाल्याच. शाकाहारी किंवा जैन जेवण किमान एक दिवस आधी नोंदवा. व्हीलचेअरही तिकिटाबरोबरच मागा. आई आधी लाजली, मग इमिग्रेशनची रांग बघून गप्प बसली.

सामानात आमची फजिती मुंबईतच झाली. सुक्या खोबऱ्याच्या आठ वाट्या! त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही. बॅग उघडून वाट्या काढून ठेवाव्या लागल्या. ताजा कढीपत्ताही नेऊ नका, अमेरिकेत बंदी आहे. आणि फॉर्मवर किंवा तोंडी विचारलं तर खाण्याचे पदार्थ आहेत असंच सांगा. लपवलं तर दंड.

येताना वारा पाठीवर, चौदा तासांत मुंबई. पण परतीला तारीख पुढे सरकते, हे घरी नीट सांगा. आम्ही २५ तारखेला सकाळी साडेअकराला निघणार होतो, पोचणार २६ला. भाऊ २५लाच सकाळी अकराला विमानतळावर हजर. त्याचा फोन आला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा दीड. "कुठे आहात?" आई म्हणाली, "अंथरुणात."