गादी ठेवली आणि साडेतीन अंश गेले

आरव्ही-७ या घरी बांधता येणाऱ्या छोट्या विमानाची सीट रिकामी असताना, एलेव्हेटरवर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) लावलेला डिजिटल कोनमापक २८ अंश दाखवत होता. सीटवर गादी ठेवून दांडी (कंट्रोल स्टिक) पुन्हा पोटाकडे ओढली, तर आकडा २४.५ वर थांबला.

आरव्ही-७ च्या एलेव्हेटरला वर २५ ते ३० आणि खाली २० ते २५ अंश लागतात. अर्ध्या अंशाची तूट. "एवढ्याने काय होतंय?" हँगरमधलं हे वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

होतं ते असं. वजन पुढे असताना, धावपट्टीला टेकण्याआधी वेग कमी झालेला असताना, नाक उचलायला हाच शेवटचा अंश लागतो. शिवाय दांडी गादीला अडली म्हणजे शेपटीतला स्टॉप (एलेव्हेटरची हालचाल थांबवणारा अडथळा) शिवलाच गेला नाही. मग वाऱ्याचा झटका स्टॉपवरून थेट सांगाड्यात उतरत नाही, पुशरॉड आणि बेलक्रँकमधून (दांडी आणि एलेव्हेटर जोडणारे दांडे व तरफा) दांडीपर्यंत येतो.

इथे स्टॉप कानशीने घासून उपयोग शून्य. आणि घासलेलं अॅल्युमिनियम परत येत नाही! रॉड एंड (पुशरॉडच्या टोकाचा आटे असलेला सांधा) फिरवून दांडी पुढे सरकवता येते, पण मग पुढे पॅनेलचं अंतर कमी होतं, आतले आटे पुरेसे उरलेत का तेही बघावं लागतं. गादीला पातळ फोम हाच बरा उपाय.

त्यानंतर सगळं पुन्हा मोजायचं: एलेव्हेटरचं काउंटरबॅलन्सचं (तोल राखणाऱ्या वजनाचं) टोक स्टॅबिलायझरच्या (शेपटीच्या स्थिर आडव्या भागाच्या) रेषेत आणून कोनमापक शून्यावर, दांडी चारही कोपऱ्यांत, पट्टे बांधून, माणूस बसवून.

तुम्ही मोजलंत तेव्हा सीटवर गादी होती का?