मक्का नेमकी कुठल्या दिशेला? सुरत लाइनवरचा एक दिवस

नंदुरबार आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नंदुरबार २१.३७ अंश उत्तर, मक्का २१.४२. जळगावहून याच रेषेने पूर्वेला निघालं तर हनोई लागतं, आणि होनोलुलूही याच पट्ट्यातलं. माझा भाचा एमपीएससी करतो, त्यामुळे असलं सगळं त्याला तोंडपाठ. मला अशा माहितीचं कौतुक कमी, कारण होनोलुलूशी एवढी जवळीक असून तिकडचा वारा काही जळगावला येत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की अक्षांश चुलीत घालावासा वाटतो.

त्याला नवापूरचं स्टेशन बघायचं होतं, मला अमळनेरला मावशीकडच्या खापराच्या पोळ्या खायच्या होत्या. दोन्ही गावं एकाच लाइनवर. मे महिन्यात खानदेशात फिरू नका असं सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात, पण आमरस आणि खापराची पोळी मेमध्येच जमतात, त्याला काय करणार? २७ मेला सकाळी जळगावहून पॅसेंजरमध्ये बसलो. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा कधी गेली ते घामात कळलं नाही.

दोंडाईच्याला एक्सप्रेसला वाट द्यायला गाडी थांबली. साडेबारा वाजले होते. समोरच्या बाकावरचे चाचा मोबाइल घेऊन प्लॅटफॉर्मवर उतरले. नंदुरबारला मिरचीच्या बाजारात त्यांचं दुकान आहे, हे एवढ्या प्रवासात कळलं होतंच. डब्यात सगळं लोखंड, मोबाइलमधलं होकायंत्र वेड्यासारखं गरगरत होतं. खाली उतरल्यावर काटा स्थिरावला. त्यांना किबला, म्हणजे नमाजासाठी मक्केची दिशा, बघायचा होता. भाचा मदतीला धावला. म्हणाला, "चाचा, मक्का आपल्याच अक्षांशावर आहे. सरळ पश्चिमेला तोंड करा, झालं."

चाचा हसले. "बेटा, हा काटा तर पश्चिमेच्या थोडा उजवीकडे दाखवतोय."

भाच्याने मोबाइल हातात घेतला, हलवला, पुन्हा धरला. काटा तिथेच. पश्चिमेपासून सहा-सात अंश उत्तरेला. ॲप भंगार आहे, असा निकाल त्याने दिला.

ॲपचा काही दोष नव्हता. पश्चिम धरून अक्षांशाच्या रेषेवरून चालत राहिलं तर मक्केला पोचता येतं, पण ती सगळ्यात जवळची वाट नव्हे. पृथ्वीच्या गोलावर नंदुरबार ते मक्का दोरी ताणून धरली तर ती आधी जराशी उत्तरेला जाते, ओमानमध्ये अक्षांशाच्या रेषेपासून शंभरएक किलोमीटर वर सरकते आणि मग उतरते. विषुववृत्त सोडलं तर कुठलीच अक्षांशाची रेषा सगळ्यात जवळची वाट नसते. अंतरात फरक म्हणाल तर साडेतीन हजार किलोमीटरमागे सात-आठ किलोमीटर, पण निघायची दिशा बदलते. अल्-बिरुनी या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी गझनी शहरासाठी किबला काढला तो असल्याच गोलावरच्या गणिताने, आणि त्याच्याकडे मोबाइल नव्हता.

भाच्याच्या डोक्यात क्लासच्या भिंतीवरचा नकाशा होता. त्या धाटणीचा नकाशा १५६९ साली गेरार्डस मर्केटरने काढला, तो जहाजवाल्यांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं तर त्या नकाशावर वाट सरळ रेघेत उमटते. खलाशाला तेवढंच हवं होतं. त्यापायी ध्रुवांकडचा सगळा मुलूख ताणला गेला. साठ अंशांवर लांबी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. त्यामुळे ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. भारतसुद्धा ग्रीनलँडच्या दीडपट भरतो, ३२.८७ लाख चौरस किलोमीटर विरुद्ध २१.६६ लाख. आपल्या एकवीस अंशांवर लांबी जेमतेम सात टक्के फुगते, म्हणून आपल्याला ही ताणाताण कधी जाणवत नाही. गंमत म्हणजे याच हिशोबाने मर्केटरच्या नकाशावर नंदुरबार जिल्हा सिंधुदुर्गाच्या मानाने सहाएक टक्के जास्त जागा खातो. खानदेशाला कोकणापेक्षा काही जास्त मिळाल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव उदाहरण.

हे सगळं मी भाच्याला प्लॅटफॉर्मवर सांगत होतो. चाचा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "भाऊ, नकाशा कशाला पाहिजे? आज तारीख काय?"

सत्तावीस.

"मग पावणेतीनच्या पुढे, दोन अठ्ठेचाळीसला, सूर्याकडे तोंड करा. तेव्हा तो बरोबर काब्याच्या डोक्यावर असतो."

मी गार पडलो. मेच्या २७-२८ला आणि पुन्हा जुलैच्या मध्याला मक्केत भरदुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो. त्या क्षणी जगात जिथून सूर्य दिसतो तिथून सूर्याची दिशा हीच मक्केची दिशा. आणि नंदुरबारचा अक्षांश तोच, म्हणून याच तारखांना इथेही मध्यान्हीला सावली पायाखाली नाहीशी होते. आम्ही दोंडाईच्याला उभे होतो तेव्हा तेच चाललं होतं. विजेच्या खांबाला सावलीच नव्हती. उन्हावरून दिशा ओळखायची सोय नाही, म्हणून तर चाचांनी मोबाइल काढला होता. मी इतकी वर्षं शून्य सावलीच्या दिवसाच्या बातम्या वाचतोय, हा धागा कधी जोडला नव्हता. चाचा नंदुरबारला उतरले, जाताना भाच्याला म्हणाले, "परीक्षेत पश्चिमच लिही, बेटा."

नवापूरला पोचलो. स्टेशन जुनं, राज्यं नवी. १ मे १९६०ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि सीमा प्लॅटफॉर्मवरून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, घोषणा चार भाषांत. एका बाकावर मधोमध रेघ मारून अर्ध्यावर महाराष्ट्र, अर्ध्यावर गुजरात लिहिलंय. लोक खास फोटो काढायला येतात. आम्ही गेलो तेव्हा त्या बाकावर एक आजी गाठोडं उशाशी घेऊन गाढ झोपली होती. डोकं दारूबंदीत, पाय महाराष्ट्रात. चार-पाच पोरं मोबाइल परजून ताटकळत उभी होती, पण उठवायची कोणाची छाती होईना. एकाने "आजी, ओ आजी" असं केल्यासारखं केलं, तिने कूस बदलली आणि उरलेली जागाही व्यापली. मला मनापासून बरं वाटलं. फोटोपुरती येणारी ही गर्दी मला सगळीकडेच नकोशी होते, किल्ला असो की धबधबा.

भाचा हिरमुसला. मी त्याला शेडच्या बाहेर एका नळाच्या खांबाकडे नेलं. दोन अठ्ठेचाळीस. फरशी इतकी तापलेली की चपलेतून चटका बसत होता. खांबाची सावली पूर्वेला पडली होती, पण सरळ पूर्वेला नाही, अंमळ दक्षिणेकडे कललेली. मोबाइल सावलीवर ठेवला. सत्त्याण्णव अंश. भाचा बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. फोटो त्याने या सावलीचाच काढला. मागच्या पोरांना वाटलं, इथेही कुठली तरी सीमा असणार, तीही येऊन फोटो काढून गेली.

परतीची गाडी उशिरा आली, त्याबद्दल लिहीत बसत नाही.

रात्री अमळनेरला मावशी अंगणात चुलीपाशी. पालथं खापर तापलेलं, आणि ती पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत परातीएवढा करत होती. मी भाच्याला गणितज्ञ गाउसचं सांगू लागलो. १८२७मध्ये त्याने सिद्ध केलं की गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-फाडल्याशिवाय सपाट होऊच शकत नाही. पोळीचं उलट, ती सपाट असते आणि खापराच्या घुमटावर नीट बसते, कारण कणीक ताणली जाते. कागद ताणत नाही, त्याला चुण्याच पडणार. भाच्याने लगेच वाटीच्या काठाने गोळ्यावर दोन सारखे गोल उमटवले. पोळी ताणल्यावर ते कसे होतात ते त्याला बघायचं होतं. लहान-मोठे, लांबट झाले. मावशी भडकली. "काय करी ऱ्हायना रे? फाटनी ते तुलेच खानी पडी!"

फाटली. त्याने ती आमरसात बुडवून खाल्ली आणि दुसरी चांगली पोळी मागितली. मावशीने दिली नाही.