तेल सुटेल!

आमच्या घरात मिक्सरचा एकच नियम होता: थांबत थांबत फिरवायचा. दाण्याचं कूट असो, तिळकूट असो की कारळ्याची चटणी, बटण जरा दाबायचं आणि सोडायचं. हात रेंगाळला की बाहेरच्या खोलीतून आवाजावरूनच आईला कळायचं. "बास! तेल सुटेल." तेल सुटलेलं कूट खिचडीत मोकळं पडत नाही, आणि ते करणारी मुलगी पुढे काय दिवे लावणार, हेही त्यावरून ठरत असे.

पन्नाशी उलटल्यावर मात्र मी मुद्दाम तेल काढायला बसले. भाच्याला शेंगदाणा सोसत नाही, म्हणून त्याच्यासाठी सूर्यफुलाच्या बियांचं बटर. रविवार पेठेतून पाव किलो सोललेल्या बिया आणल्या, मंद आचेवर खमंग भाजल्या आणि कोमट असतानाच भांड्यात ओतल्या.

आधी झाली पूड. मोकळी, भुरभुरीत, आईची शाबासकी मिळवणारी. नेमकी तिथे थांबायची सवय, पण थांबायचं नव्हतं. मग ती कडेला चिकटली, खरवडली, पुन्हा चिकटली. मग सगळ्याचा एक गोळा होऊन बसला आणि पातं नुसतंच फिरायला लागलं. इथे पाणी घालायचा मोह होतो. घालू नये, गोळा आणखी घट्ट होतो. बियांत जवळजवळ निम्मं तेलच असतं, पण ते बाहेर यायला वेळ घेतं. तेवढ्यात मिक्सर तापून बंद पडला. वीस मिनिटं गार होऊ दिला, उलटा करून बुडाचं लाल बटण दाबलं. पुन्हा फिरवला आणि अचानक आवाज बदलला, घरघर जाऊन घुमल्यासारखा. झाकण काढलं तर राखाडी, चकचकीत, चमच्यावरून ओघळणारं!

(त्यातल्याच थोड्याची पुढे सोडा घालून बिस्किटं केली, तर दुसऱ्या दिवशी ती आतून हिरवी. बुरशी समजून टाकणारच होते. बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्यामुळे हिरवं होतं, खायला हरकत नसते. भाच्याने तर हिरवी म्हणूनच संपवली.)

नेमका गुरुवार. नळाला पाणी नाही आणि भांडं तेलाने माखलेलं. आई आत येऊन डोकावली.

"सुटलं ना शेवटी तेल!"

मग डब्यातून सकाळची भाकरी काढली, तुकडा मोडला आणि भांड्याची कड निगुतीने पुसून घेतली.

"मीठ कमी आहे," म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.