चिरेतून उगवलेलं झाड

मुंबईतल्या एका कॉलेजात मी गेली एकोणीस वर्षं भूविज्ञान शिकवते. दरवर्षी चार-पाच जण तरी दगड घेऊन विभागात येतात. कुणाला नदीतला गोटा डायनोसॉरचं अंडं वाटतो, कुणाला दगडात पाऊल दिसतं. मी त्यांना बसवते, पाणी देते, दगड हातात घेते. बहुतेक वेळा "नाही" म्हणावं लागतं, आणि ते मला अजूनही जड जातं.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. एसवायचं प्रॅक्टिकल संपवून मी ट्रे आवरत होते. बाहेर धो धो पाऊस. दारात सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते, खांद्याला बाजाराची पिशवी, सोबत शाळेच्या गणवेशातली नात. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली फरशी काढली आणि टेबलावर इतकी सावकाश ठेवली की आवाजसुद्धा झाला नाही.

वीतभर लांबीचा, बोटभर जाडीचा पिवळसर पांढरा वालुकाश्म होता. त्याच्यावर काळं झाड. खालून खोड, मग फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि टोकाला नेच्याच्या पानासारखी नाजूक जाळी.

"1986 पासून सांभाळलंय, मॅडम," ते म्हणाले. वरळीत राहणारे फरशीचे मिस्त्री. एका बंगल्याच्या अंगणात काम चालू असताना ही फरशी हाताला लागली. ती बसवायची सोडून बाजूला ठेवली, म्हणून मुकादमाने दोन दिवसांची हजेरी कापली होती. आता ते कायमचे गावी, कोकणात निघाले होते. "लाखो वर्षांपूर्वीचं झाड. माझ्या घरात पडून राहण्यापेक्षा पोरांना बघायला मिळू दे. पैसे नकोत मला."

मला पहिल्या नजरेतच कळलं होतं. तो डेंड्राइट होता. दगडातल्या बारीक फटीत मँगनीज विरघळलेलं पाणी झिरपतं, तिथे मँगनीजच्या ऑक्साईडचे कण साचत जातात, आणि साचता साचता फांद्या फुटतात. थंडीत काचेवर हिम धरतं तेव्हा अशीच नक्षी उमटते. त्यात जीव कधीच नव्हता.

पण लगेच बोलवेना. जीवासारखं दिसतं ते सगळंच जीव नसतं, हाच विषय मी त्या सकाळी वर्गात शिकवला होता, तोही पृथ्वीवरच्या सगळ्यात जुन्या जीवांबद्दल. ग्रीनलँडमध्ये ईसुआ इथल्या 370 कोटी वर्षांच्या खडकात 2016 साली शंकूसारखे उंचवटे सापडले आणि ते सूक्ष्मजीवांनी रचलेले म्हणून जाहीर झाले. 2018 साली भूवैज्ञानिक अ‍ॅबिगेल ऑलवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच दगड तिसऱ्या बाजूनेही पाहिले. त्यांच्या मते ते शंकू नव्हतेच, खडक दाबाखाली ताणला जाताना उठलेल्या लांबट कडा होत्या. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहेत तर 2021 साली डिकिन्सोनिया या 55 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा ठसा मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. 2023 साली दुसऱ्या गटाने दाखवून दिलं की तो मधमाश्यांच्या गळून पडलेल्या पोळ्याचा डाग आहे. मूळ संशोधकांपैकी ग्रेगरी रिटॅलॅक यांनी चूक मान्य केली. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो, आणि तो मी वर्गात दरवेळी बोलून दाखवते.

सकाळी हे सगळं ठणकावून सांगणारी मी, दुपारी एका माणसासमोर गप्प कशी राहू?

"काका, हे झाड नाही," मी म्हटलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. "पानाला मधली शीर असते, तिला उपशिरा असतात. इथे दिसतात का बघा."

ते बराच वेळ बघत राहिले. नात माझ्याकडे रागाने बघत होती.

"शीर नाय," ते शेवटी म्हणाले. "ओल्या कागदावर शाई फुटावी तसं आहे." मग त्यांनी फरशी उचलली, कडेवर उभी केली, आणि अंगठा तिच्या धारेवरून फिरवला. कामाची सवय. "एक विचारू? हे झाड दरवेळी चिरेपासूनच का सुटतं?"

मी विचारलं, दरवेळी म्हणजे?

त्या ट्रकभर मालात अशी पंचवीस-तीस झाडं होती, ते सांगू लागले. बहुतेक बोटाएवढी, हे सगळ्यात मोठं. दगड जिथे थराला सुटतो किंवा जिथे बारीक चीर असते, तिथूनच झाडाची सुरुवात. अखंड दगडाच्या पोटात एकही नाही. आणि छिन्नीने थर उघडला की दोन्ही अंगांना तेच झाड.

मी हातातलं पेन खाली ठेवलं. दोन्ही अंगांना ठसा खऱ्या जीवाश्माचाही उमटतो, त्यावरून काही ठरत नाही. पण प्रत्येक झाड चिरेला धरून, आणि चीर नाही तिथे झाड नाही, हा पुरावा होता, आणि तो या माणसाने कामाच्या घाईत, गुडघ्यावर बसून गोळा केला होता. पाणी चिरेतून आत शिरलं, झाड तिथूनच वाढलं. मी त्यांना तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ओल उतरते भिंतीत, तसं."

अगदी तसंच.

खात्रीसाठी मी कोपऱ्यातल्या एका फांदीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला. काळ्या रेषेवर लगेच बुडबुडे उठले, शेजारच्या कोऱ्या दगडावर काही नाही. मँगनीजचं ऑक्साईड पेरॉक्साइडला असं फेसाळून टाकतं. नात टेबलावर वाकली. तिचा राग तिथे ओसरला.

तो दगड ग्वाल्हेरकडच्या विंध्य वालुकाश्मासारखा दिसत होता. ती वाळू साचली तेव्हा जमिनीवर वनस्पती नव्हत्याच. त्या साधारण 47 कोटी वर्षांपूर्वी आल्या. नेचा तिथे असणार कुठून?

"मग खरा जीव कसा दिसतो?" काकांनी विचारलं.

मी कपाटातून उदयपूरजवळच्या झामरकोट्राचा तुकडा काढला. करड्या दगडात एकमेकांवर चढलेल्या बारीक कमानी. उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांची साय धरायची, तिच्यावर गाळ बसायचा, साय उजेडासाठी पुन्हा वर सरकायची. असे थरावर थर, दीडशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वी. ऑस्ट्रेलियात पिलबारा इथे असेच थर 348 कोटी वर्षांचे आहेत. जीवाचा इतका जुना आणि त्यातल्या त्यात भक्कम पुरावा दुसरीकडे फारसा नाही. दिसायला मात्र काहीच नाही. रस्त्यात पडला तर कुणी उचलणार नाही.

काकांनी तो हातात घेऊन फिरवला. "याची वरची बाजू ही," ते म्हणाले, कमानींच्या पाठीवर बोट ठेवून. "फुगलंय ते वर." मी काही सांगितलं नव्हतं.

निघण्यापूर्वी वरळीचा विषय निघाला. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात, लहान बेडकांचे सांगाडे मिळाले होते. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली त्यांचं वर्णन केलं. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे बेडूक. काकांचं उभं आयुष्य तिथे गेलं आणि त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. "आमच्या वरळीत?" त्यांनी दोनदा विचारलं.

"मग हे ठेवणार का," त्यांनी फरशीकडे पाहिलं, "की परत नेऊ?"

ठेवते म्हटलं, पण खऱ्या नावाने. त्यांनी मान हलवली. माहितीचं कार्ड नातीने लिहिलं, मी शब्द सांगत गेले: मँगनीज डेंड्राइट. वालुकाश्म. वनस्पतीचा जीवाश्म नाही. ती पेन बंद करत होती तेवढ्यात काका म्हणाले, "अजून एक ओळ लिही. चिरेपासून सुरू होतं."

तिने लिहिलं. त्यांनी टॉवेलाची घडी करून पिशवीत ठेवली. रात्री दादरहून गाडी होती.