चांदीच्या भांड्याची पालथी बाजू

संग्रहालयात जुनी इंग्रजी चांदी पाहणाऱ्याची मोठी अडचण अशी की, त्या भांड्यावर जे वाचण्यासारखे असते ते बहुधा बुडाशी असते आणि भांडे मात्र काचेआड सरळ उभे केलेले असते. चहाची किटली, मेणबत्तीची खांबे, मिठाची पात्रे, झाकणाचे पेले अशा सगळ्या वस्तू दर्शनी बाजूने झळकत राहतात, आणि त्या कोणी घडवल्या, कुठे तपासल्या, कोणत्या वर्षी विकायला मोकळ्या झाल्या हे सांगणारे चार-पाच बारीक ठसे मात्र मखमलीकडे तोंड करून पडलेले असतात. गोव्यात राहून या विषयाचा नाद लागलेल्या माझ्यासारख्याला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील नोंदींचा मोठा आधार वाटतो, कारण तिथे पुष्कळ वस्तूंच्या नोंदीत ठशांचे वर्णन दिलेले असते. प्रत्यक्ष दालनात उभे राहूनही जे दिसले नसते ते असे घरबसल्या वाचायला मिळते.

हे ठसे म्हणजे कारागिराची हौशी सही नव्हे. ती राज्याने आणि सोनारांच्या संघाने मिळून उभारलेली अविश्वासाची व्यवस्था आहे. इंग्लंडमध्ये १३०० च्या कायद्याने चांदीचा कस ठरवून दिला, हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी आणि उरलेले बहुतांशी तांबे, आणि त्या कसाला उतरलेल्या भांड्यावर बिबट्याच्या मुखाचा ठसा मारण्याची अट घातली. १३६३ मध्ये घडवणाऱ्याने स्वतःची खूण उमटवणे सक्तीचे झाले. १५४४ पासून चालता सिंह आला. पुढे १७७३ मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या शहरांना स्वतःची तपासणी कचेरी मिळाली, तेव्हा बर्मिंगहॅमने जहाजाचा नांगर आणि शेफील्डने मुकुट ही खूण घेतली. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावाने नांगर घ्यावा याची गंमत बंदरांच्या मुलखात राहणाऱ्याला विशेष वाटते.

या सगळ्यांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो १४७८ मध्ये सुरू झालेला वर्षाक्षराचा ठसा. आज त्याच्यामुळे भांड्याचे वय काढता येते, म्हणून तो त्यासाठीच निर्माण झाला असावा असे वाटते; प्रत्यक्षात त्याचा हेतू तपासनिसाला पकडण्याचा होता. एखादे भांडे पुढे हलक्या कसाचे निघाले, तर ते कोणाच्या कारकिर्दीत पास झाले हे अक्षरावरून कळावे आणि त्या माणसाला जाब विचारता यावा, एवढीच त्यामागची व्यावहारिक बुद्धी होती. हे अक्षर १ जानेवारीला बदलत नसे. सोनारांचे आश्रयदाते मानले जाणारे संत डन्स्टन यांच्या सणाला, म्हणजे १९ मे रोजी, आणि १६६० नंतर २९ मे रोजी बदलत असे. म्हणूनच संग्रहालयांच्या पाट्यांवर ‘१६००-०१’ अशी जोडवर्षे लिहिलेली दिसतात. लंडनमध्ये २० अक्षरांचे एक आवर्तन असे, आणि ते संपले की अक्षराचे वळण व भोवतीच्या ढालीचा आकार बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई.

चांदी हा त्या काळी पैसाच होता, आणि भांडे म्हणजे वेगळ्या आकारात ठेवलेली रोकड. १६४०च्या दशकातील यादवी युद्धात ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांची चांदी राजा पहिला चार्ल्स याच्या टांकसाळीत वितळली. उलट बाजूने, सतराव्या शतकाच्या अखेरीस नाणीच वितळवून भांडी घडवण्याचे प्रमाण इतके वाढले की, १६९७ मध्ये भांड्यांसाठी नाण्यांपेक्षा वरचा, हजारात सुमारे ९५८ भागांचा कस सक्तीचा करण्यात आला, म्हणजे नाणे नुसते वितळवून भागू नये. त्या भांड्यांवर सिंह व बिबट्या यांच्याऐवजी बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री, आणि सिंहाचे मस्तक दिसते. ही सक्ती १७२० मध्ये उठली.

अशा वितळण्यातून सोळाव्या आणि सतराव्या शतकारंभीची जी चांदी वाचली, तिचा फार मोठा साठा इंग्लंडबाहेर, मॉस्कोच्या क्रेमलिनमधील शस्त्रागार संग्रहालयात आहे. इंग्रज राजदूत आणि व्यापारी झारला नजराणे नेत, त्यातून तो जमला. लंडनमध्ये १६००-०१ साली घडलेली, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली बिबट्यांची भव्य जोडीही तिथेच आहे. घरी राहती तर बहुधा मुशीत गेली असती.

१७२० मध्ये कस सैल झाला खरा, पण त्याच वेळी दर औंसाला सहा पेन्स कर बसला, आणि मग कारागिरांची बुद्धी दुसरीकडे धावली. एखादे हलके, लहानसे भांडे तपासणीला न्यायचे, त्याचा कर भरून ठसे घ्यायचे आणि तो ठशांचा तुकडा कापून मोठ्या, जड भांड्याच्या बुडाला डाखाने जोडायचा, असे प्रकार सर्रास चालत. फ्रान्समधून आलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, परंपरेतला आणि त्या शतकातला सर्वांत नावाजलेला चांदीकार पॉल द लामेरी याच्याकडेही अभ्यासक या बाबतीत बोट दाखवतात. असा जोड ओळखण्याची जाणकारांची युक्ती फार साधी आहे: ठशांवर तोंडाची वाफ सोडायची, वाफेने पृष्ठभाग धुरकट झाला की डाखाची रेषा क्षणभर वेगळी उठून दिसते. कर चुकवणाऱ्याच्या या लबाडीमुळे एका अस्सल भांड्यावर दुसऱ्याच अस्सल भांड्याचे ठसे येतात, आणि म्हणूनच ठसा खरा असला तरी तो इथलाच आहे का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

आमच्याकडची गोष्ट निराळी. बॉम जेझूच्या चर्चमधील संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्या कारागिरांनी घडवली, आणि जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाच्या वास्तूतील ख्रिस्ती कला संग्रहालयातही चर्चची चांदी पाहायला मिळते. काम पाहता या मंडळींचा हात लंडनच्या कोणत्याही कारागिरापेक्षा उणा नव्हता असे माझे मत आहे. परंतु गोव्यातल्या जुन्या चांदीवर अशा पद्धतशीर ठशांची परंपरा नाही. त्यामुळे शैली, चर्चचे दप्तर आणि दानाची नोंद यांवरच विसंबावे लागते. १७६१ मध्ये स्वतःचा ठसा नोंदवणाऱ्या हेस्टर बेटमन या विधवेचे नाव आज तिच्या चमच्यांवरून जगाला ठाऊक आहे, आणि आमच्या शेटांच्या, म्हणजे गोव्याच्या सोनारांच्या, कित्येक पिढ्या मात्र निनावी राहिल्या.

मुंबईत, आफ्रिकेत किंवा बोटीवर नोकरी केलेल्यांच्या घरी, विशेषतः गोव्याच्या साष्टी तालुक्यात, काचेच्या कपाटात विलायती चहाचा संच दिसतो आणि तो चांदीचा असल्याचे घरचे लोक अभिमानाने सांगतात. बुडाशी ‘ई पी एन एस’ ही अक्षरे असतील, तर ती निकेल, तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेली चांदी होय. एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या मुलाम्याचे पेटंट घेतले. यजमानांपुढे हे बोलून दाखवण्याची मात्र गरज नसते.

राहिला घासण्याचा प्रश्न. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदी काळवंडते आणि आमची दमट हवा त्याला हातभार लावते. चिंच व रांगोळी घेऊन बसण्याची आपली रीत चकाकी देते. पण रांगोळीचे खरखरीत कण दर वेळी चांदीचा एक पातळ थर नेतात, आणि सर्वांत आधी झिजतात ते उठावाचे चेहरे आणि हेच ठसे. इंग्रजी भांड्यांच्या बुडाशी अनेकदा टोकदार हत्याराने त्या वेळचे वजन औंसांत कोरलेले असते. आज तराजूवर ठेवून तफावत पाहिली, तर किती झीज झाली किंवा मागाहून एखादा कान वा झाकण जोडले काय, हे कळते. देवस्थानांत पालखीची किंवा प्रभावळीची जुनी चांदी मोडून नवी घडवायला देताना महाजनांनी एवढे जरी केले, म्हणजे वजन लिहून ठेवले आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढली, तर ती वस्तू गेल्यावरही तिच्याविषयी काही ठामपणे बोलता येईल.